तिच्या नावाचं रक्त

माझ्या आईला माझं काम कधी नीट समजलं नाही, आणि समजावून सांगायचा धीर माझ्यात नव्हता. शेजारणी विचारायच्या, "पोरगी काय करते वं इस्पितळात?" तर आई सांगायची, "लोकायचं रक्त पाहते." एवढ्या एका वाक्यावर अर्ध्या वस्तीनं मला डॉक्टरीण करून टाकलं. जरीपटक्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेले की भाजीवाली मेथीची जुडी देता देता आपल्या पोराची जीभ दाखवायची. मी चिडायचे. मी डॉक्टर नव्हते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून इस्पितळाच्या पॅथॉलॉजी विभागात संशोधनाला लागले होते. साठीचं दशक संपत आलं होतं आणि मी पंचविशीच्याही आत होते. इस्पितळाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यातली बहुतेक माणसं आता नाहीत, आणि कुणाला तोंडघशी पाडायचा माझा विचार नाही.

आमचं काम असं होतं. एखाद्या बाईच्या छातीत गाठ होते. ती कापून काढतात. बाई घरी जाते, कामाला लागते, आणि काही वर्षांनी कंबर दुखते म्हणून परत येते. फोटो काढला तर तिच्या मणक्यात तोच रोग. छातीतला रोग मणक्यात गेला कोणत्या वाटेनं? रक्ताच्या वाटेनं, हे जगाला माहीत होतं. आमच्या सरांना तो वाटेतच पकडायचा होता. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शक. उंच, वाळलेले, सदा तोंडात लवंग. शिष्यांवर ओरडायचे आणि मग स्वतःच्या डब्यातली पोळी द्यायचे. "चोर घरातून निघाला आणि दुसऱ्या घरी पोचला हे सगळेच सांगतात," असं ते म्हणायचे. "मला तो रस्त्यात पाहायचा आहे."

त्यासाठी रक्त लागायचं, आणि पुष्कळ लागायचं. वॉर्डातून काचेची मोठी सिरिंज भरून रक्त यायचं. त्यातल्या तांबड्या पेशी बाजूला काढायच्या, उरलेलं यंत्रात फिरवायचं, तळाशी बसलेला पांढरट थर काचपट्टीवर पसरायचा, रंग द्यायचा, आणि मग मान मोडेस्तोवर सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. कधी तरी एखादी भली मोठी पेशी दिसायची. काळसर, वेड्यावाकड्या केंद्रकाची, आजूबाजूच्या पेशींत न शोभणारी. सर म्हणायचे, हीच. मीही म्हणायचे, हीच.

निरोगी माणसांचंही रक्त आम्ही पाहायचो, तुलनेसाठी. पण ते मिळायचं किती? चमचाभर. त्या काळी आपल्याकडे धडधाकट माणूस रक्त म्हटलं की पायाला पाय लावून पळायचा. ताकद जाते म्हणे. मेडिकलची पोरंसुद्धा बोट पुढे करायची आणि थोडं घेतलं की हात मागे ओढायची, वर आठवडाभर अंगात कस नाही म्हणून सांगत फिरायची. पेशंट मात्र सिरिंजभर द्यायचे, कारण त्यांना कुणी विचारतच नव्हतं. निरोगी माणसाच्या चमचाभर रक्तात आम्हाला ती मोठी पेशी कधी दिसली नाही, आणि आजाऱ्याच्या सिरिंजभर रक्तात दिसली. यात काही खटकण्यासारखं आहे हे ना सरांना सुचलं, ना मला, ना आमचा निबंध वाचून शाबासकी देणाऱ्या कुणाला.

मग शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख आमच्या कामात लक्ष घालू लागले. मोठे सर्जन, हात फार चांगला, स्वभाव फटकळ. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रोग रक्तात उतरला असेल तर बाईची छाती कापून तिचे हाल कशाला करायचे? ऑपरेशनच्या आधी तुमची काचपट्टी काय म्हणते ते मला कळवत जा. आम्हाला कोण आनंद झाला. आपल्या कामावर कुणाचा तरी निर्णय होतो आहे, यापरतं संशोधन करणाऱ्याला काय हवं असतं?

वॉर्डात एक रीत होती, तिचा मला मनस्वी राग यायचा. पेशंटला रोगाचं नाव सांगायचं नाही. खाटेपाशी उभं राहून, "काही नाही, साधी गाठ आहे, बरी होशील," असं म्हणायचं, आणि मग नवऱ्याला किंवा भावाला व्हरांड्यात नेऊन खरं काय ते सांगायचं. डॉक्टर तेच म्हणायचे, सिस्टर तेच म्हणायच्या, झाडणारी बाईही तेच म्हणायची. आमच्या घरात असल्या गोष्टींना जागा नव्हती. बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होते. त्या वर्षी घरातले देव गेले, नवस गेले, अंगात येणंही गेलं. गिरणीतून आलेले बाबा हातपाय धुऊन बसायचे आणि आम्हा पोरांना सांगायचे, आहे ते आहे म्हणा, नाही ते नाही म्हणा. त्यामुळे वॉर्डातलं ते "काही नाही" ऐकलं की माझं डोकं फिरायचं. पण मी पडले रक्त पाहणारी, मला विचारतंय कोण?

त्या हिवाळ्यात कुहीकडच्या एका खेड्यातली बाई भरती झाली. असेल पस्तिशीची. धानाची थोडी शेती, एक मुलगी, आणि नवरा. तिच्या छातीत गाठ होती, पण गाठ अजून जागच्या जागी होती, हलत होती, काखेत काही लागत नव्हतं. अशा बाईचं ऑपरेशन लवकर झालं तर ती वाचू शकते, हे मलाही समजत होतं. नवऱ्याला बायकांच्या वॉर्डात बसू देत नसत, म्हणून तो दिवसभर व्हरांड्यात दाराशी बसायचा. आया हाकलायची, तो चार पावलं सरकायचा, आणि आयाची पाठ फिरली की परत तिथंच. बायको आतून ओरडायची, "अजी, जा नं घरी. धान पडलं हाय वावरात." तो म्हणायचा, "पडू दे." दिवसभर त्यांचं एवढंच बोलणं मी ऐकायचे.

तिच्या नंबराचं रक्त लागोपाठ काही सकाळी आमच्याकडे आलं. एका काचपट्टीवर मला ती मोठी पेशी दिसली. मी सरांना हाक मारली. सर बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जी ते सहसा मारत नसत. निरोप सर्जनकडे गेला. दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन रद्द झालं. सर्जननी नवऱ्याला व्हरांड्यात उभं करून सांगितलं, की आता कापून उपयोग नाही, घरी घेऊन जा, खाऊ-पिऊ घाल. आत बाईला सिस्टरनं सांगितलं, काही नाही, ऑपरेशनची गरजच उरली नाही.

दुपारी तो आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. कुणी तरी त्याला सांगितलं असणार की रिपोर्ट इथून गेला. सर जेवायला गेले होते. मी एकटीच होते.

"बाई," तो म्हणाला, "तिले कापत काहून नाई?"

मी त्याला बस म्हटलं. तो बसला नाही. मग मी त्याला सरळ सांगितलं, माझ्या बाबांनी सांगितलं असतं तसं. रोग रक्तात उतरला आहे. आम्हाला तो रक्तात दिसला. म्हणून डॉक्टर म्हणतात कापून फायदा नाही.

"कोनाच्या रक्तात दिसला?"

"तुमच्या बायकोच्या. दुसऱ्या कुणाच्या?"

 मग त्यानं सदऱ्याची बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला निळा-पिवळा डाग होता, सुई लागल्याचा.

"ते रक्त तिचं नव्हे, बाई. माझं हाय."

मला आधी काही उमगेनाच. त्यानं हळूहळू सांगितलं. पहिल्या दिवशी तिच्या हातात शीर सापडली नाही. चार जागी टोचलं, ती रडायला लागली. तिला रक्त कमी, अंगात त्राण नाही, वर ऑपरेशन व्हायचं, आणि हे रोज एवढी मोठी सिरिंज भरून नेणार. त्याला ते पाहवेना. तो रक्त घ्यायला येणाऱ्या पोरसवदा डॉक्टरला म्हणाला, माझं घ्या. एका भांड्यात जेवतो आम्ही, तिच्या नावानं लिहा. आणि त्यानं घेतलं. रोज सकाळी तो व्हरांड्यात हात पुढे करून बसायचा आणि आत ती समजायची की तपासण्या संपल्या.

माझा पारा असा चढला की काही विचारू नका. मी त्याला अक्कल आहे का असं विचारलं, हे रक्त म्हणजे काय जत्रेतली वर्गणी आहे का की कुणीही कुणाच्या नावानं द्यावी, असं बरंच काही बोलले. तो ऐकून घेत होता. मी थांबले तेव्हा त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, "मंग ते मले झालं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण काय सांगून बसलो. मी काही म्हणायच्या आत तोच बोलायला लागला. मागच्या हप्त्यात तो एका दिवसासाठी रामटेकला जाऊन आला होता. गडावर चढून त्यानं मागितलं होतं, तिचं जे काय हाय ते मले दे आन् तिले मोकळी कर. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तो खूश दिसत होता. माणूस इतका खूश असलेला मी त्या इस्पितळात कधी पाहिला नव्हता, आणि मला तो राग अजून आठवतो, कुणावर होता ते मात्र सांगता येत नाही.

"असं काही नसतं," मी म्हटलं. "कुणाचं कुणाला जात नाही. तुम्ही जा, तिला घेऊन कुठं जाऊ नका. मी पाहते."

मी तडक त्या हाउसमनला, म्हणजे वॉर्डातल्या त्या शिकाऊ डॉक्टरला, गाठलं. डोळे तांबारलेले, दोन रात्रींची ड्यूटी झालेली. तो घाबरला आणि खरं काय ते बोलला. "मॅडम, शीरच सापडत नव्हती. आणि रिसर्चचंच तर होतं. रिसर्चच्या रक्ताचा रिपोर्ट थोडाच कुठं जातो." झापायला उघडलेलं तोंड मी मिटलं. कालपरवापर्यंत तो खरोखरच कुठं जात नव्हता. सर्जननी आमच्या काचपट्ट्या वाचायला सुरुवात केली आहे हे या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सिरिंज आण," मी म्हटलं. "मोठी. आणि माझं घे. भरून घे."

तो बिचकला. पण घेतलं.

माझं रक्त मीच फिरवलं, मीच पसरलं, मीच रंगवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाहायला बसले आणि दुपार कलायच्या आधी मला ती दिसली. तशीच मोठी, तशीच काळसर, तशाच वेड्यावाकड्या केंद्रकाची.  खोटं कशाला सांगू, बराच वेळ मला हेच वाटत होतं की मलाच रोग झाला आहे. मी स्टुलावर बसून आपली छाती चाचपून पाहिली, काख चाचपली. आईचा विचार आला, बाबांचा आला. मग हळूहळू डोकं ठिकाणावर आलं. त्या शेतकऱ्याच्या रक्तात आहे. माझ्या रक्तात आहे. एक तर सगळ्या नागपुराला हा रोग झाला असेल, नाही तर आम्ही सगळे मूर्ख असू. मला दुसरंच बरं वाटलं.

सरांना सांगितलं तर सर भडकले. तीन वर्षांचं काम, निबंध छापायला गेलेला. एका हाउसमनच्या गाढवपणावरून तुम्ही माझं काम मोडीत काढता, असं म्हणाले. मी म्हटलं, हाउसमनला सोडा, ही माझी काचपट्टी पाहा. त्यांनी पाहिली. मला म्हणाले, तुम्ही आजारी असाल. मी म्हटलं, असेन. मग तुमचं द्या.

मला वाटलं आता हे मला हाकलून देणार. पण त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बाही वर केली. त्यांच्या काचपट्ट्या त्यांनी मला पाहू दिल्या नाहीत, स्वतःच पाहिल्या. मी दूर खिडकीशी उभी होते. संध्याकाळ व्हायला आली होती. एकदा त्यांची मान वर झाली, परत खाली गेली, आणि मग ते सूक्ष्मदर्शकापासून मागे सरले आणि चष्मा पुसत बसले.

पुढे कळलं ते असं. हाडांच्या पोकळीत, जिथं रक्त तयार होतं, तिथं या मोठ्या पेशी असतात. चांगल्या, कामाच्या पेशी. त्यातली एखादी सुटून रक्तात येते, कुणाच्याही, तुमच्या-माझ्या. थोड्या रक्तात ती सापडत नाही, पुष्कळ रक्त घेतलं की सापडते. निरोगी माणसानं आम्हाला सिरिंजभर रक्त कधी दिलंच नव्हतं. पहिल्यांदा दिलं ते या कुहीकडच्या माणसानं, तेही दुसऱ्याच्या नावानं. परदेशातले मोठमोठे लोकही याच खड्ड्यात पडले होते, हे आम्हाला मागाहून समजलं. त्यानं काही बरं वाटलं नाही.

सर त्याच संध्याकाळी सर्जनकडे गेले. मी मागोमाग. सर्जन वैतागले, म्हणाले, काल आहे म्हणता, आज नाही म्हणता, मी कापू की नको? सरांनी आपली काचपट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली. "हे माझं रक्त आहे. यातही आहे. त्या बाईला घरी पाठवता तर मलाही पाठवा." सर्जननी काचपट्टी उजेडात धरून पाहिली. मग त्यांनी ऑपरेशनच्या फळ्यावर तिचा नंबर परत लिहायला सांगितलं. सरांनी छापायला गेलेला निबंध परत मागवला, आणि त्याबद्दल आमच्यात पुन्हा कधी शब्द निघाला नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. जखम भरायला वेळ लागला, पण भरली. ती खाटेवर बसून नवऱ्याला दारातून रागवायला लागली तेव्हा वॉर्डातल्या सगळ्यांना बरं वाटलं. सुट्टी मिळाली त्या दिवशी मी मुद्दाम गेले आणि नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. तुमच्या रक्तात जे दिसलं तो रोग नाही. आमची समजूत चुकीची होती. तुम्हाला काही नाही. त्यानं मान हलवली. मी परत सांगितलं, काही नाही, समजलं ना? "हो बाई, समजलं," तो म्हणाला आणि हसला. गाठोडं उचलून दोघं फाटकाबाहेर गेली. मला त्या दिवशी फार हलकं वाटलं होतं.

नंतरची दोनेक वर्षं आमची नव्यानं सुरुवात करण्यात गेली. आता निरोगी माणसाचंही सिरिंजभर रक्त घ्यायचं असा सरांचा हुकूम होता, आणि अशी माणसं मिळवताना माझ्या नाकी नऊ आले. आईनंही एकदा दिलं, मग महिनाभर प्रत्येक दुखण्याचं खापर माझ्यावर फोडलं.

धानाची कापणी-मळणी आटोपल्यावरच्या दिवसांत ती कुहीकडची दोघं परत आली. तिला एस.टी.तून दोन माणसांनी उचलून उतरवलं. कंबर दुखत होती, पाय नीट टेकत नव्हता. फोटो काढला. फोटो पाहायला मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच गेले. मणक्याची दोन हाडं कुरतडल्यासारखी दिसत होती. सर्जन म्हणाले, आता खरंच काही करता येणार नाही. त्यांच्या आवाजात चीड नव्हती. खाटेपाशी जाऊन ते तिला म्हणाले, काही नाही, वाताचं दुखणं आहे, आराम पडेल.

मी प्रयोगशाळेत येऊन बसले. रोग तिच्या रक्तातून गेला होता हे तर उघडच होतं. कधी गेला? ऑपरेशनच्या आधी की मागून, कोण सांगणार. ज्या दिवशी आम्ही दुसऱ्याच माणसाचं रक्त पाहून रोग आहे असं म्हटलं, त्या दिवशीही तो तिच्या रक्तात असेल. मी आयुष्यभर ज्याच्या मागे लागले ते तिच्या अंगातून गुपचूप निघून गेलं, आणि ते पाहायला तिचं रक्त आमच्याकडे कधी आलंच नाही. मला रडू आलं, आणि दार लावून घेण्याइतकंही भान राहिलं नाही.

तेवढ्यात तो आला. खंगलेला वगैरे मुळीच नाही, चांगला धट्टाकट्टा. त्यानं आल्या आल्या बाही वर केली.

"बाई, माझं रक्त पाहा. माझ्यातलं ते तिच्यात वापस गेलं का?"

"काय तुमच्यातलं?"

"तेच. जे तुमाले दिसलं होतं."

मी म्हटलं, अहो, मी तुम्हाला सांगितलं होतं ना जाताना, तुम्हाला काही नाही म्हणून. दोनदा सांगितलं होतं.

"सांगतलं होतं," तो म्हणाला. "पन तिलेबी डॉक्टर असंच सांगत होते. काई नाई, साधी गाठ हाय. ज्याले असते त्याले काई नाई म्हणतेत इथं. मंग मी समजलो."

 तो सांगत राहिला. दोन वर्षं तो मरणाची वाट पाहत होता, आणि त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं, कारण ती बरी होती. पोरीचं लगन घाईनं उरकलं, आपल्या डोळ्यांसमोर व्हावं म्हणून. एक दिवस रागाच्या भरात बायकोजवळ तोंडातून निघून गेलं, की तुझं दुखणं मी घेतलं हाय. तेव्हापासून ती त्याला जड काही उचलू देईना. धानाची पोती ती स्वतः वाहायची. कंबर दुखायला लागली तर म्हणायची, पोतं उचललं म्हून भरली असंल. त्यालाही तसंच वाटलं. महिनोन् महिने तसंच वाटत राहिलं.

आता मात्र मी ओरडले. "तुमच्यात ते नव्हतं. कधीच नव्हतं. माझ्या रक्तात आहे ते, आमच्या सरांच्या रक्तात आहे, सगळ्यांच्या रक्तात असतं."

त्यानं घाबरून माझ्याकडे पाहिलं. "तुमालेबी झालं, बाई?"

"मेले का मी?" मी म्हटलं. "दोन वर्षं झाली. मी मेले का? तुम्ही मेलात का? एक दिवस तरी ताप आला का तुम्हाला?"

 तो खाली बसला, भिंतीला टेकून, आणि हात गुडघ्यांवर टाकून रडला. आपल्याला काही झालेलं नाही म्हणून एवढं रडणारा माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही. रडणं थांबल्यावर त्यानं डोळे बाहीनं पुसले आणि म्हणाला, "तिले तुमी सांगा. ती माझ्यासाठी जीव जाळते. माझं आयकत नाई. तिले सांगा का मी चांगला हाय. तिच्यामागं पोरीले मी हाय, एवढं तिले कळू द्या."

मी त्याच्यासोबत वॉर्डात गेले. आयानं त्याला दाराशीच अडवलं, मी आत गेले. ती कुशीवर पडून होती, तोंड दाराकडे. मी खाटेजवळ खाली बसले, म्हणजे तिला मान वर करावी लागू नये. इतक्या दिवसांत मी तिच्याशी कधी नीट बोललेच नव्हते. त्या दिवशी मी तिच्याशी माझ्या आईच्या बोलीत बोलले.

"तुमच्या नवऱ्याले काई नाई झालं, बाई. त्यायनं तुमाले जे सांगतलं ते खरं नाई. मी सोता पाहिलं हाय. काई नाई त्यायले."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. लहान मूल खोटं बोलतंय हे माहीत असून आई पाहते ना, तसं.

"मलेबी असंच सांगतलं होतं," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. खरंच नाही, शप्पथ नाही, असं काय काय म्हणत राहिले. तिनं हात सोडवून घेतला नाही, पण तिची नजर माझ्यावरून निघून माझ्या मागे दाराकडे गेली होती. तिनं उशीवरून डोकं थोडं वर उचललं.

"अजी," ती त्याला म्हणाली, "उभे काहून? बसा नं खाली. थकून जासान."